जुन्या ऑफ-रोड गाडीवर दुसरा टप बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी ऑफ-रोड गाडी नव्याने उभी करताना टपाचा पत्रा बदलायची वेळ आली, की एक अडचण हमखास समोर येते. हाती आलेला टप नेमका आपल्या गाडीचा नसतो. तो चार बोटे लांब असतो, त्याला नको तिथे भोक असते, किंवा त्याच्या कडेची पन्हळ वेगळ्या घडणीची असते. पुढील उत्तरे असा टप आपल्या गाडीजोगा करून घेण्यापुरती आहेत. त्या सर्वांमागे एकच भूमिका आहे : बदल टपात करावेत, गाडीच्या सांगाड्यात नव्हे. सांगाडा आधी गुण्यात आणावा आणि मग टप त्याच्या मापाने घडवावा.

गंजलेला टप बदलावाच लागतो का?

नेहमीच नाही. मधला मोठा पत्रा शाबूत असेल आणि गंज केवळ पन्हळीत किंवा पुढच्या काचेवरच्या पट्टीत असेल, तर तेवढाच भाग कापून नवा जोडणे हिताचे, कारण मग त्या रुंद, जवळजवळ सपाट पत्र्याला उष्णता लावण्याची वेळच येत नाही. मात्र हा निर्णय वरवर पाहून घेऊ नये. पन्हळीतील जुने सीलंट, म्हणजे सांधे बुजवणारा लेप, पूर्ण खरवडून काढावे, आतले अस्तर उतरवावे आणि टोच्याने सांध्याच्या तळाशी टोचून पाहावे. सीलंट वरून अखंड दिसते आणि त्याच्याखाली पत्रा कागदासारखा झालेला असतो, असे फार वेळा आढळते. गाडी उलटून टपाची कमान बसली असेल, किंवा दोन्ही कडा लांबवर आतून खाल्ल्या गेल्या असतील, तर ठिगळांच्या मागे न लागता टप बदलावा.

माझ्या गाडीचा टप कोणत्या पद्धतीने बसवलेला आहे, हे आधी जाणून घेणे का आवश्यक आहे?

कारण पुढचे सारे काम त्यावर ठरते. १९४८ पासूनच्या लँड रोव्हर सिरीज गाड्या आणि त्यांच्या वंशातील २०१६ पर्यंतच्या डिफेंडर यांचा ॲल्युमिनियम मिश्रधातूचा टप काचेच्या चौकटीला आणि बाजूच्या पत्र्यांना बोल्टने जोडलेला असतो, त्यामुळे तो सुटा उचलता येतो आणि चुकला तर पुन्हा काढता येतो. टोयोटाच्या एफजे४० लँड क्रूझरच्या कडक टपात वरचे छत फायबरग्लासचे आणि बाजू पोलादी असतात. याउलट १९८४ ते २००१ या काळात तयार झालेल्या जीप चेरोकी एक्सजेसारख्या गाडीला वेगळी चॅसिस, म्हणजे बॉडीखालची भार पेलणारी चौकट, नाहीच. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा असतो आणि वेल्ड केलेला टप त्या सांगाड्याच्या ताकदीचा भागीदार असतो. तेथे टप कापणे म्हणजे भार पेलणारा एक अवयव काढणे होय.

वेगळी चॅसिस असलेल्या पण वेल्ड केलेल्या बंद बॉडीच्या गाड्या या दोहोंच्या मध्ये येतात. टप काढला म्हणून त्या चालण्याजोग्या राहत नाहीत असे नाही, पण दारांच्या चौकटी मात्र लगेच सैल होतात.

नेमका तोच टप मिळाला नाही, तर दुसऱ्या गाडीच्या टपात काय जुळायला हवे आणि काय जुळवून घेता येते?

लांबी जुळवून घेता येते. भोके बुजवता येतात. आतल्या दिव्याची, अँटेनाची, कॅरिअरच्या पायांची छिद्रे हा अगदीच किरकोळ मामला आहे. परंतु तीन गोष्टी मुळातच जुळलेल्या असाव्यात, असे माझे ठाम मत आहे : पुढच्या काचेच्या वरची कड, दोन्ही पन्हळींमधली रुंदी, आणि आडवी कमान, म्हणजे मध्यभागी टप कडांपेक्षा किती उंच आहे ते माप.

काचेवरची कड ही साच्यात दाबून घडवलेली, दोन दिशांनी वळलेली असते. ती हाताने पुन्हा घडवणे शक्य असले, तरी काच बसण्याइतकी अचूक घडवणे कसबी कारागिरालाही कठीण जाते. रुंदीत पाच-सहा मिलिमीटरचा फरक असेल तर टप खेचून किंवा दाबून बसवण्याचा मोह होतो आणि तो बसतोही, पण मग पत्रा कायमचा ताणाखाली राहतो आणि खराब वाटेवर सांगाडा पिळला गेला की सर्वांत आधी त्याच सांध्यावर रंगाला चीर पडते. कमानीचे माप घेण्यासाठी सरळ पट्टी दोन्ही पन्हळींवर आडवी टेकवता येत नाही, कारण मधला भाग वर असतो. म्हणून जाड पुठ्ठ्याचा किंवा प्लायवूडचा साचा कापून तो पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी दोन्ही टपांवर लावून पाहावा. हे काम दुसरा टप घेण्यापूर्वी करावे.

दुसऱ्या गाडीवरून टप कापून घेणार असाल, तर हात आखडता घेऊ नये. टप पेलणाऱ्या, दारे-काचांमधल्या खांबांचा वरचा भाग, पन्हळी, टपाला खालून आधार देणाऱ्या आतल्या आडव्या कमानी पट्ट्या आणि काचेवरची पट्टी यांसकट तो खांबांतून कापून आणावा. नको असलेला भाग आपल्या जागी, सावकाश, नीट उजेडात सोडवता येतो. कमी कापून आणलेला भाग मात्र परत मिळत नाही. शिवाय आपल्या गाडीवरचे मूळ सांधे गंजाने ओळखू येत नसतील, तर कारखान्यात ते कसे बसवले होते हे त्या आणलेल्या तुकड्यावरूनच वाचता येते.

जुना टप काढण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत लांब आहे, कारण बिघडलेली बहुतेक कामे याच टप्प्यावर बिघडलेली असतात.

गाडी पक्क्या, सपाट जमिनीवर उभी करावी आणि तिचे वजन चाकांवर किंवा चॅसिसच्या मूळ आधारबिंदूंवर असू द्यावे. बॉडी चॅसिसवरून काढलेली असेल, तर टपाचे काम तिला पुन्हा चॅसिसवर, नव्या रबरी गाद्यांवर बसवून आणि बोल्ट आवळूनच करावे. लाकडी ओंडक्यांवर ठेवलेल्या बॉडीला टप वेल्ड केला, तर ओंडक्यांनी दिलेला पीळ टप कायमचा धरून ठेवतो. बॅटरी सोडवावी. काचा, अस्तर, फोम आणि वायरिंग काढावे. अस्तराचा गोंद आणि फोम ठिणगीने चटकन पेटतात.

त्यानंतर मापे घ्यावीत. पुढच्या काचेच्या चौकटीचे दोन्ही कर्ण, प्रत्येक दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण, मागच्या दाराचे दोन्ही कर्ण, आणि डाव्या खांबापासून समोरच्या उजव्या खांबापर्यंतची आडवी अंतरे. डावी आणि उजवी बाजू यांच्या मापांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आढळला, तर टप काढण्याआधी त्याचे कारण शोधावे. पायदानाची पट्टी गंजून दार खाली बसणे, मागच्या कोपऱ्याला कधीकाळी ठोकर बसलेली असणे, बॉडीखालचा एखादा आधार कुजणे अशी कारणे सहसा असतात. ती आधी दूर करावीत. तळ बसलेल्या बॉडीवर चांगला टप घातला, तर तो तेवढाच वाकडा बसतो.

मापे पटली की चौकोनी नळ्यांचे आधार आतून वेल्ड करावेत किंवा बोल्टने जोडावेत. दोन्ही बाजूंच्या खांबांना जोडणारे आडवे आधार हवेत, दाराच्या प्रत्येक चौकटीत एक तिरका आधार हवा, आणि काचेच्या चौकटीत फुलीसारखे दोन. दारे मात्र जागेवर ठेवावीत, निदान ती लावून-उघडून पाहता येतील अशी व्यवस्था असावी, कारण दाराची फट ही सर्वांत प्रामाणिक मोजपट्टी आहे. मी एका गाडीच्या वेळी तिरके आधार दारांच्या मार्गात लावले होते. दारे काढून ठेवावी लागली आणि वेल्डिंग संपल्यावर मागचे उजवे दार वरच्या कोपऱ्यात घासू लागले. ती एक कड पुन्हा सोडवण्यात नव्या टपाचा मूळ पन्हळीचा चांगला भाग खराब झाला. तेव्हापासून मी आधार दाराच्या आतल्या बाजूने, दार मिटेल असेच लावतो.

स्पॉट वेल्ड कसे सोडवावेत?

स्पॉट वेल्ड म्हणजे दोन पत्रे ठिकठिकाणी बिंदूंपुरते वितळवून घातलेले टाके. रंग तारेच्या ब्रशने काढला की त्यांचे गोल खळगे दिसू लागतात. प्रत्येकाच्या मध्यावर टोचा मारावा आणि स्पॉट वेल्डसाठीच्या सपाट तोंडाच्या, सुमारे ८ मिलिमीटरच्या ड्रिलने केवळ वरचा थर कापावा. खालची पट्टी गाडीकडे राहणार आहे, तिला भोक पडू देऊ नये. उरलेली पकड पातळ छिन्नीने सोडवावी. ग्राइंडरने सरसकट घासून काढण्याने वेळ वाचतो हे खरे, परंतु त्याने खालची पट्टी पातळ होते आणि नवा टप बसवताना ती जळून जाते.

मिळालेला टप लांब आहे. तो कोठे कापून आखूड करावा?

पुढची आणि मागची अशा दोन्ही कडा साच्यातल्या असल्यामुळे त्या जपाव्यात आणि जास्तीची लांबी मधून काढावी, हे सर्वसाधारण उत्तर आहे. मागची कड तुमच्या जुन्या टपाचीच शाबूत असेल, तर नव्या टपाचा पुढचा भाग आणि जुन्याची मागची कड असाही मेळ घालता येतो, आणि कित्येकदा तो अधिक चांगला बसतो.

मधून पट्टा काढताना दोन अडचणी येतात. बरेच टप मागच्या बाजूला किंचित निमुळते होत जातात. काढलेल्या पट्ट्याच्या पुढच्या कडेची रुंदी आणि मागच्या कडेची रुंदी यांत ४ मिलिमीटरचा फरक असेल, तर दोन्ही तुकडे जुळवल्यावर प्रत्येक पन्हळीत २ मिलिमीटरची पायरी तयार होते. दुसरी अडचण लांबीच्या दिशेच्या कमानीची. जेथे ही कमान जास्त आहे तेथे पट्टा काढला, तर दोन्ही कडांचा उतार वेगळा पडतो आणि टपाच्या पाठीवर एक मोड दिसतो, जो पुट्टीने लपत नाही, कारण उन्हात चकाकणाऱ्या पृष्ठभागावर तोच आधी नजरेत भरतो. म्हणून टप जेथे सर्वांत सपाट आणि सर्वांत समरुंद आहे तेथेच काप घ्यावा, आणि शक्य असेल तर तो आतल्या एखाद्या कमानी पट्टीच्या जवळ येईल असे पाहावे, म्हणजे सांध्याला खालून आधार मिळतो. अगदी पट्टीच्या डोक्यावर मात्र नको. तेथे खालून हातोडी आणि ठोकळा पोहोचत नाही.

पहिला काप अंतिम मापापेक्षा २५ ते ३० मिलिमीटर राखून घ्यावा. दोन्ही तुकडे गाडीवर ठेवावेत, एकावर एक चढवून चिमट्यांनी धरावेत, पुढची काच आणि मागचे दार जुळवून पाहावे, आणि मगच दोन्ही थर एकत्र धरून शेवटची रेषा कापावी. पन्हळीचा सांधा आणि वरच्या पत्र्याचा सांधा एका रेषेत ठेवू नयेत. त्यांत ५० मिलिमीटरचे तरी अंतर असावे, नाहीतर त्या रेषेवर टप कमकुवत होतो आणि पाण्यालाही सरळ वाट मिळते.

पत्रे एकावर एक चढवून जोडावेत की कडेला कड भिडवून, याबद्दल मतभेद आहेत. चढवलेला सांधा वेल्ड करायला सोपा असतो. पण त्याच्या दोन थरांत ओल साचते आणि टपावर, जेथे खालच्या बाजूला रात्रीचे दव धरते, ती सहसा सुकत नाही. मी टपासाठी नेहमी कडेला कड भिडवतो.

सनरूफचे भोक बुजवता येईल का?

येईल. मात्र सनरूफच्या टपात भोकाभोवती जाड चौकट असते आणि त्यापायी एखादी आडवी कमानी पट्टी मुळातच नसते. चौकट काढल्यावर ती पट्टी दुसऱ्या टपावरून आणून बसवावी लागते. चौकटीच्या कोपऱ्यांतून खांबांत उतरणाऱ्या पाण्याच्या नळ्याही काढून त्यांची तोंडे बंद करावीत. भोकात बसवायचा तुकडा सपाट पत्र्यातून कापू नये. त्याच कमानीच्या दुसऱ्या टपाच्या मध्यातून तो कापावा आणि त्याचे कोपरे गोल ठेवावेत, कारण टोकदार कोपऱ्यात वेल्डचा ताण एकवटतो.

वेल्डिंग करताना टपाचा पत्रा वाकू नये म्हणून काय करावे?

टपाचा पत्रा सहसा ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याला मध्ये फारसा आधार नसतो. वितळलेला धातू गार होताना आकसतो, शेजारचा पत्रा स्वतःकडे ओढतो आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना झोळ पडतो. आकसणे थांबवता येत नाही, ते थोडे-थोडे करून पसरवता येते. वेल्डिंगच्या यंत्रात ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गन-कार्बन डायऑक्साइडचा मिश्र वायू घ्यावा. आधी लांब-लांब अंतरावर टाके मारावेत, मग त्या टाक्यांच्या मध्ये, मग पुन्हा त्यांच्या मध्ये, आणि शेजारी-शेजारी दोन टाके लागोपाठ कधीही मारू नयेत. प्रत्येक टाका हाताला सोसेल इतका गार होऊ द्यावा. त्यानंतर तो घासून सपाट करावा आणि खालून ठोकळा धरून वरून हलकी हातोडी मारावी. या ठोक्याने आकसलेला धातू पुन्हा पसरतो. ज्यांना हे ठोके नकोसे वाटतात, त्यांना शेवटी पुट्टी जाड भरावी लागते, आणि पुट्टीचा थर २-३ मिलिमीटरपेक्षा जाड झाला की उन्हाने तापणाऱ्या टपावर तो टिकेल याची खात्री देता येत नाही. पूर्ण टपाचा आडवा सांधा घाई न करता घातला, तर त्याला एक अख्खा दिवस लागू शकतो.

कडांचे काम त्या मानाने सोपे आहे. टपाच्या पट्टीत ६ ते ८ मिलिमीटरची छिद्रे पाडून, मूळ स्पॉट वेल्ड जितक्या अंतरावर होते तितक्याच अंतरावर ती वेल्डने भरावीत. पन्हळीची दुमड पत्र्याला ताठ ठेवते, म्हणून तेथे झोळ पडत नाही.

जस्ताचा थर असलेला पत्रा वेल्ड करताना सांध्याजवळचे जस्त आधी घासून काढावे आणि मोकळ्या हवेत, योग्य मुखवटा लावून काम करावे. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळते, त्यामुळे त्याचा पांढरा धूर अटळ असतो. तो श्वासात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो.

वेल्डऐवजी टप चिकटवला तर?

धातूचे पत्रे जोडण्यासाठीचे दोन घटकांचे गोंद खरोखर मजबूत असतात आणि नव्या गाड्यांच्या कारखान्यांतही वापरले जातात. लांब पन्हळीच्या पट्टीवर ते फार उपयोगी पडतात. उष्णता नाही, झोळ नाही, आणि सांधा आपोआप बंद होतो. तरीही खांबांच्या डोक्यावर आणि काचेवरच्या कोपऱ्यांत मी वेल्डच करतो, कारण गोंदाला ओढ चांगली सोसते, पण कडेपासून सोलले जाणे सोसत नाही, आणि पिळल्या जाणाऱ्या बॉडीचे कोपरे नेमके तेच करतात. गोंद आणि वेल्ड जवळजवळ येणार असतील, तर त्या गोंदाच्या उत्पादकाच्या सूचना पाळाव्यात.

पोलादी बॉडीवर ॲल्युमिनियमचा टप चालेल का?

बोल्टने चालेल. त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे दोन्ही धातू ओल्या अवस्थेत एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजते. त्यांच्यामध्ये रबराची किंवा सीलंटची सलग पट्टी हवी आणि बोल्टखालीही वेगळे करणारी चकती हवी. दुसरी गोष्ट प्रसरणाची. २ मीटर लांबीचा टप ५० अंशांनी तापला, तर पोलाद सुमारे १.२ मिलिमीटर वाढते आणि ॲल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर. हा मिलिमीटरभर फरक जिरवण्यासाठी बोल्टची भोके एका टोकाला नेमकी आणि बाकी ठिकाणी लांबट ठेवावीत.

पन्हळीची घडण वेगळी असेल, तर कोणती ठेवावी?

दाराचे रबर आणि पन्हळ ही जोडी आहे. तुमची दारे राहणार असतील, तर तुमचीच पन्हळ ठेवावी आणि आणलेल्या टपाचा केवळ वरचा पत्रा तिच्यावर घ्यावा. उलट केले तर दारावर पाणी ठिबकते आणि त्याला पुढे औषध नाही.

गंज पुन्हा लागू नये यासाठी केव्हा, काय लावावे?

टप बसण्यापूर्वी, कारण नंतर आत हात जात नाही. काचेवरच्या पेटीसारख्या पट्टीच्या आतून आणि कमानी पट्ट्यांच्या वरच्या अंगाला इपॉक्सी प्रायमर आधीच द्यावा, एकमेकांना टेकणाऱ्या पट्ट्यांना वेल्ड सोसणारा प्रायमर द्यावा, आणि वेल्डच्या छिद्रांतून तो घासून काढावा. सीलंट उघड्या पत्र्यावर नव्हे, तर प्रायमरवर लावावे. ते पन्हळीत बोटाने असे ओढावे, की मध्ये खळगा न राहता पाणी पुढच्या-मागच्या तोंडाकडे वाहील. रंगकाम झाल्यावर पोकळ्यांत मेण फवारावे. वेल्डिंगपूर्वी फवारले, तर ते पेटते.

बसवलेला टप दाबला की टणटण वाजतो. हा दोष आहे का?

होय, पत्रा मध्ये ताणला गेला आहे असा त्याचा अर्थ. आधी कमानी पट्ट्या आणि पत्रा यांच्यामधली लवचीक गादी राहून गेली आहे का ते पाहावे. पुष्कळदा एवढेच कारण निघते. नसेल, तर उष्णतेने आकसून घेण्याचे काम अनुभवी हातांकडे द्यावे.

बदललेल्या टपावर कॅरिअर लावता येईल का, आणि गाडी उलटल्यास तो टिकेल का?

कॅरिअरचा भार पन्हळींवर किंवा खांबांवर यावा, पत्र्यावर नव्हे, आणि तो मूळ गाडीला ठरवून दिलेल्या मर्यादेतच असावा. दुसरे उत्तर स्पष्ट आहे : टपाचा पत्रा हा गाडी उलटल्यावर आतल्या माणसांना वाचवणारा पिंजरा नाही. अवघड उतारांवर जाणाऱ्या गाडीत तळाशी घट्ट धरलेला पोलादी पिंजरा वेगळा बसवावा. तो बसवायचाच असेल, तर टप काढलेला असतानाच बसवावा, कारण तेव्हा त्याचे वरचे सांधे चारही बाजूंनी वेल्ड करता येतात.

अस्तर केव्हा लावावे?

पाण्याची परीक्षा झाल्यानंतर. काचा आणि दारांची रबरे बसवून गाडी आधी सपाट जागी, मग नाक वर आणि मग नाक खाली अशा तिन्ही स्थितींत उभी करावी, प्रत्येक वेळी पन्हळीवर नळीने दहा-पंधरा मिनिटे सावकाश पाणी सोडावे, आणि एकाने आत बसून विजेरीने खांबांचे माथे न्याहाळावेत. पाणी जेथे ठिबकते तेथूनच शिरलेले असते असे नाही. ते कमानी पट्टीवरून हातभर वाहत येते. म्हणून ओलाव्याची रेघ मागे-मागे शोधत जावे, सांधा कोरडा करून पुन्हा सीलंट भरावे, आणि दुसऱ्या दिवशी तीच परीक्षा पहिल्यापासून घ्यावी.